दुसऱ्या सर्व्हिसची हिंमत

१९९६ च्या अमेरिकन ओपनची उपांत्यपूर्व फेरी. पीट सॅम्प्रस आणि स्पेनचा अ‍ॅलेक्स कोरेत्जा यांचा सामना चार तास चालून पाचव्या सेटच्या टायब्रेकमध्ये पोचला होता. सॅम्प्रसला कोर्टवरच उलटी झाली होती आणि दोन गुणांच्या मधल्या वेळात तो रॅकेटचा आधार घेऊन उभा राहत होता. एक मॅच पॉइंट त्याने कसाबसा वाचवला. ७-७ अशा बरोबरीवर त्याची पहिली सर्व्हिस बाहेर गेली. पायांत त्राण उरलेलं नाही आणि हा गुण गेला तर पुन्हा मॅच पॉइंटला सामोरं जायचं, अशा वेळी कोणीही चेंडू नुसता आत घातला असता. सॅम्प्रसने दुसरी सर्व्हिस बाहेरच्या कोपऱ्यात मारली आणि ती बिनतोड गेली. पुढच्या गुणाला सर्व्हिस कोरेत्जाकडे होती. त्याचीही पहिली चुकली, दुसरीही चुकली, आणि सामना डबल फॉल्टवर संपला. एकापाठोपाठच्या दोन गुणांवर दोन खेळाडूंना तोच प्रश्न पडला आणि दोघांना दोन टोकांची उत्तरं मिळाली. अशा गुणांवर लोक बोलतात तेव्हा एकाचं धैर्य आणि दुसऱ्याचं दुर्दैव एवढंच बोलतात. माझ्या मते तिथे धैर्याच्याही आधी येणारी एक गोष्ट आहे, आणि ती नीट तपासून पाहण्याजोगी आहे.

टेनिसमध्ये सर्व्हिसला दोन संधी मिळतात. पहिली मारायची आणि दुसरी सांभाळायची, हा धडा प्रत्येक मुलाला पहिल्या वर्षीच मिळतो. त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे, कारण पहिली चुकली तर काही जात नाही आणि दुसरी चुकली तर गुण जातो. या धड्यातून एक समजूत मात्र रुजते की दुसरी सर्व्हिस म्हणजे बचाव, आणि तिचं काम एवढंच की डबल फॉल्ट होऊ नये. माझं म्हणणं असं आहे की दुसऱ्या सर्व्हिसचंही काम गुण जिंकणं हेच आहे. तिच्यात किती धोका पत्करायचा हे हिशोबाने ठरवावं, सामन्याच्या आधी ठरवावं, आणि ३०-४० वर हात थरथरू लागला म्हणून ते बदलू नये. हा हिशोब प्रामाणिकपणे केला तर बहुतेक खेळाडूंची दुसरी सर्व्हिस आज आहे त्यापेक्षा धीट निघेल. पहिलीइतकी वेगवान मात्र ती निघणार नाही. ‘धीट’ आणि ‘वेगवान’ यांच्यात गल्लत झाल्यामुळेच हा वाद इतकी वर्षं चिघळत राहिला आहे.

आधी आकडे घेऊ. पुरुषांच्या वरच्या पातळीवर पहिली सर्व्हिस ढोबळमानाने १०० पैकी ६२ वेळा आत पडते, आणि आत पडली की सर्व्हिस करणारा ७३ टक्के गुण घेतो. दुसऱ्या सर्व्हिसवर, डबल फॉल्ट धरून, तो साधारण निम्मे किंवा किंचित जास्त गुण घेतो. आता एखाद्याने ठरवलं की दोन्ही वेळा पहिलीच सर्व्हिस मारायची, तर काय होईल? दुसऱ्या खेपेच्या १०० सर्व्हिसपैकी ३८ बाहेर जातील, ६२ आत पडतील आणि त्यांतून ४५ गुण मिळतील. नेहमीच्या सावध दुसऱ्या सर्व्हिसने ५०-५१ मिळत होते. म्हणजे पाच-सहा गुणांचा तोटा. इथवर जुना धडा बरोबर ठरतो. पण या हिशोबाने फक्त दोन टोकं मोजली, आणि टेनिसमध्ये सर्व्हिस काही दोनच प्रकारची नसते. समजा, एका खेळाडूची सावध सर्व्हिस १०० पैकी ९२ वेळा आत पडते आणि आत पडलेल्यांपैकी ५५ टक्के गुण जिंकते. हाती लागतात साधारण ५१. त्याच खेळाडूने थोडा जास्त फिरकीचा, थोडा जास्त खोल चेंडू टाकला, आत पडण्याचं प्रमाण ८६ वर आलं आणि जिंकण्याचं ६१ वर गेलं, तर हाती ५२ हून थोडे जास्त लागतात. डबल फॉल्ट आठावरून चौदावर गेले, तरी गुण वाढले. हे आकडे मी उदाहरणासाठी धरले आहेत आणि प्रत्येक खेळाडूचे वेगळे असतील. त्यातलं तत्त्व मात्र सगळ्यांना सारखंच लागू होतं: आत पडण्याचं प्रमाण गुणिले आत पडल्यावर जिंकण्याचं प्रमाण. या गुणाकारातला पहिला आकडा सगळ्यांना दिसतो, दुसऱ्याकडे फारसं कोणी बघत नाही.

या हिशोबाचं एक टोक महाराष्ट्राने घरच्या मैदानावर पाहिलं आहे. भारतातली एटीपी स्पर्धा अनेक वर्षं चेन्नईच्या नुंगमबाक्कम स्टेडियमवर होत असे. २०१८ पासून ती पुण्याला, म्हाळुंगे-बालेवाडीच्या संकुलात आली आणि महाराष्ट्र ओपन या नावाने २०२३ पर्यंत खेळली गेली. तिथे २०१९ च्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेचा केविन अँडरसन आणि क्रोएशियाचा इव्हो कार्लोविच समोरासमोर आले. एक २.०३ मीटर उंच, दुसरा २.११. तिन्ही सेट टायब्रेकवर गेले: ७-६, ६-७, ७-६. कार्लोविच तेव्हा ३९ वर्षांचा होता, आणि इतक्या मोठ्या वयाचा खेळाडू एटीपी अंतिम सामन्यात १९७७ च्या केन रोजवॉलनंतर प्रथमच दिसत होता. त्याच्या कारकिर्दीचे आकडे ढोबळमानाने असे: पहिली सर्व्हिस ६५ टक्के आत, आत पडली की ८३ टक्के गुण, दुसऱ्या सर्व्हिसवर ५४. पहिल्या दोन आकड्यांचा गुणाकार केला तर तोही ५४ च्याच घरात येतो. म्हणजे त्याने आयुष्यभर दोन्ही वेळा पहिलीच सर्व्हिस मारली असती तरी जवळपास काही बिघडलं नसतं. असा खेळाडू पिढीत एखाददुसराच, आणि त्याच्याकडे बघून बाकीच्यांनी दोन पहिल्या सर्व्हिस मारायला जाणं म्हणजे आत्मघात. तरीही त्याच्याकडून एक गोष्ट कळते. धोक्याची योग्य पातळी नियमपुस्तकात छापलेली नसते. ती उंची, खांदा, मनगट आणि समोरच्याचं रिटर्न यांतून ठरते, आणि प्रत्येकाला आपली आपण शोधावी लागते.

गणितज्ञांनी हा प्रश्न फार पूर्वी हाती घेतला. डेव्हिड गेल यांनी १९७१ साली सर्व्हिसच्या सर्वोत्तम डावपेचावर छोटासा लेख लिहिला होता. पुढे क्लासेन आणि माग्नुस या दोन डच अर्थशास्त्रज्ञांनी १९९२ ते १९९५ या वर्षांतल्या विम्बल्डनच्या एकेरी सामन्यांचे एकेक गुण तपासले. त्यांच्या निष्कर्षानुसार, सर्व्हिसवर जेवढे गुण जिंकणं शक्य होतं त्यापेक्षा पुरुष खेळाडू सरासरी एका टक्क्याच्या आसपास कमी जिंकत होते आणि स्त्रिया साधारण दोन टक्के. यावर कोणी म्हणेल की तज्ज्ञ खेळाडू अचूक उत्तराच्या इतक्या जवळ असतील तर हा ऊहापोह कशाला? आक्षेप वजनदार आहे. पण हे जगातले सर्वांत कसलेले खेळाडू होते, आणि तरीही फट उरलीच होती; क्लबमध्ये, शाळेत, जिल्हा पातळीवर खेळणाऱ्यांची फट याहून कितीतरी रुंद असणार. शिवाय अटीतटीच्या सामन्यात विजेता आणि पराभूत यांच्यात गुणांचं अंतर नेहमीच थोडं असतं. दीडशे गुणांवर सर्व्हिस करणाऱ्याला एक टक्का म्हणजे दीड गुण. टायब्रेक अनेकदा दोनच गुणांच्या अंतराने हरले जातात.

आता धीटपणा वेगात नाही तर कशात आहे, हे पाहायला कोर्टची मापं हाताशी घ्यावी लागतील. बेसलाइनपासून जाळं ११.८९ मीटरवर, जाळ्यापलीकडे सर्व्हिस बॉक्सची रेषा आणखी ६.४० मीटरवर. जाळ्याची मधली उंची ९१.४ सेंटिमीटर. एखाद्या खेळाडूची रॅकेट चेंडूला २.७५ मीटर उंचीवर भिडते असं धरा. तिथून बॉक्सच्या शेवटच्या रेषेपर्यंत सरळ दोरी ताणली तर ती जाळ्यावरून जाताना ९६ सेंटिमीटरवर असते. म्हणजे जाळ्याच्या वर जेमतेम पाच सेंटिमीटर, आणि चेंडूची स्वतःची त्रिज्याच तीन सेंटिमीटरहून जास्त. गुरुत्वाकर्षण चेंडूला थोडा खाली ओढतं म्हणून ही सर्व्हिस शक्य तरी होते, पण सपाट आणि जोरात मारलेल्या चेंडूला असलेली खिडकी इतकी अरुंद आहे. रॅकेट ३.१० मीटरवर भिडली तर हेच अंतर सतरा सेंटिमीटरांचं होतं. कार्लोविचचं रहस्य बरंचसं तिथेच आहे. सामान्य उंचीच्या खेळाडूला ही खिडकी रुंद करण्याचा एकच मार्ग आहे, आणि तो म्हणजे टॉपस्पिन. चेंडूला पुढच्या दिशेने गरगर फिरवलं की हवा त्याला खाली दाबते. मग तो जाळ्यावरून चांगला हातभर उंच नेता येतो, तरीही तो बॉक्सच्या आत उतरतो, आणि टप्पा पडल्यावर उसळून समोरच्याच्या खांद्यापर्यंत जातो. यालाच किक सर्व्ह म्हणतात. ती मारणारा पहिल्या सर्व्हिसपेक्षा हात हळू फिरवत नाही. तितक्याच जोराने, कधी त्याहूनही जोराने फिरवतो. ती ताकद वेगाऐवजी फिरकीत जाते. धीट दुसरी सर्व्हिस म्हणजे हाच चेंडू: खोल, उंच उसळणारा, समोरच्याला त्याच्या आवडत्या उंचीवर फटका मारू न देणारा. ती बिनतोड जाण्याची गरज नाही. रिटर्न करणारा एक पाऊल मागे सरकला, बॅकहँड खांद्याच्या वर घ्यावा लागला, की तिचं काम झालं.

यावरचा सर्वांत मोठा आक्षेप मनाचा आहे. कागदावर टक्के मांडणं सोपं. पाचव्या सेटमध्ये, हजारो लोकांसमोर, हाताला कंप सुटल्यावर ते टक्के तेच राहतात का? यान्ना नोव्होत्नाचं नाव इथे हमखास निघतं. १९९३ ची विम्बल्डन अंतिम लढत, स्टेफी ग्राफविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये ४-१ आघाडी, ४०-३०, म्हणजे ५-१ व्हायला एकच गुण. तिने दुसरी सर्व्हिस जोरात मारली, ती बाहेर गेली, आणि त्यानंतर ती एकही गेम जिंकू शकली नाही. त्या एका चेंडूवर अविचाराचा शिक्का कायमचा बसला. पण त्या डबल फॉल्टने फक्त ड्यूस झाला होता. तो गेम गेला तो त्याच्या पुढच्या चुकांमुळे, आणि त्या सर्व्हिसच्या नव्हत्या. दुसरं उदाहरण २०२० च्या अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्याचं. अलेक्झांडर झ्वेरेव्हने डॉमिनिक थीमविरुद्ध पहिले दोन सेट घेतले होते, पाचव्यात ५-३ वर सामना जिंकायला तो सर्व्हिस करत होता. सामन्यात त्याने पंधरा डबल फॉल्ट केले, आणि शेवटच्या टायब्रेकपर्यंत त्याची दुसरी सर्व्हिस ताशी ११० किलोमीटरच्या आसपास उतरली. ज्याची पहिली सर्व्हिस ताशी दोनशेच्या पुढे जाते त्याचा हा चेंडू. नोव्होत्नाचं उदाहरण धीटपणाच्या विरोधात दाखवलं जातं, पण झ्वेरेव्हच्या उदाहरणात सावधगिरीची किंमत दिसते. मऊ केल्याने त्याची सर्व्हिस सुरक्षित झाली नाही; डबल फॉल्ट चालूच राहिले आणि त्यांच्या जोडीला हल्ल्याला सोपे चेंडूही आले.

याचं कारण शरीरात आहे, आणि प्रशिक्षकांनी मुलांना ते सर्वांत आधी समजावलं पाहिजे. घाबरलेला खेळाडू हात आवरतो. हात आवरला की रॅकेटच्या डोक्याची गती घटते, गती घटली की फिरकी घटते, आणि फिरकी घटली की चेंडू खाली वळत नाही. मग तो लांब जातो, किंवा लांब जाऊ नये म्हणून खेळाडू त्याला जाळ्यात ढकलतो. म्हणजे ज्या सावधगिरीने डबल फॉल्ट टळायचा तीच तो घडवून आणते. ‘सांभाळून टाक’ हा सल्ला यामुळेच बहुतेक वेळा उलटा पडतो. भीतीपोटी टक्के घसरतात हा आक्षेप मला मान्य आहे. पण ते फक्त धीट सर्व्हिसचे घसरत नाहीत. ढकललेल्या सर्व्हिसचे त्याहून वेगाने घसरतात, कारण तिच्यामागे फिरकीचं संरक्षण नसतं.

दुसरा आक्षेप धावफलकाचा. सगळे म्हणतात, ३०-४० असताना धोका घेऊ नये, ४०-० असताना हवा तेवढा घ्यावा. धावफलक बघून धोका ठरवावा, हे क्रिकेट बघत वाढलेल्या आपल्या मनाला लगेच पटतं. तिथे एका चेंडूवर सहाही मिळू शकतात आणि एकही, शिवाय चेंडू मोजलेले असतात. मागे पडलेल्या संघाला षटकार लागतात आणि पुढे असलेल्याला एकेरी धावा पुरतात. टेनिसच्या गुणाला मात्र दोनच निकाल असतात, मिळाला किंवा गेला. बिनतोड सर्व्हिसला दीड गुण मिळत नाही आणि डबल फॉल्टला दोन गुणांचा दंड नसतो. त्यामुळे धावफलक बघून धोका वाढवावा किंवा कमी करावा, या म्हणण्याला इथे आधार उरत नाही. जो चेंडू गुण जिंकण्याची सर्वांत जास्त शक्यता देतो तो ०-० वरही योग्य आणि ब्रेक पॉइंटवरही योग्य. ४०-० वर बेफिकिरीने मारलेली सर्व्हिस जितकी चूक तितकीच ३०-४० वर ढकललेली. एक अपवाद मात्र खरा आहे. समोरचाही विचार करणारा माणूस आहे, आणि तोच चेंडू त्याच जागी वारंवार आला तर तो आधीच सरकून उभा राहील. म्हणून दिशा आणि फिरकी बदलत राहावी लागते. हा बदल समोरच्याला अंदाज येऊ नये यासाठी असतो. भीतीने केलेला बदल नेमका अंदाज देतो, कारण मोठ्या गुणावर हा मऊ टाकतो हे दोन सेटांत कोणालाही कळतं.

सर्व्हिसने फक्त खेळ सुरू करून द्यावा, बाकी कौशल्य नंतर दाखवावं, अशीही एक जुनी आणि सुंदर वृत्ती आहे, आणि तिचं एक घर तंजावर मुलखात आहे. बॉल बॅडमिंटन, तमिळमध्ये पूपंदु, हा पिवळ्या लोकरीच्या चेंडूचा खेळ १८५६ च्या सुमारास तंजावरच्या राजघराण्यात खेळला जाई असं मानलं जातं. हे राजघराणं म्हणजे भोसल्यांचं. १८५५ साली राजे शिवाजी पुत्राविना वारले आणि कंपनीने राज्य खालसा केलं; सत्ता गेली आणि वाड्यातला हा खेळ मात्र बाहेर पडून दक्षिणेतल्या गावोगावी गेला. भाताच्या शेतांच्या या मुलखात टेनिसचं कोर्ट बांधणं आणि राखणं परवडत नाही. पूपंदूला सपाट जमीन, दोन खांब आणि जाळं पुरतं. या खेळात सर्व्हिस कमरेखालून करायची असते आणि चेंडू जमिनीवर टेकूच द्यायचा नसतो. सर्व्हिस इथे हत्यार होऊ शकत नाही, ती खेळाला हात देते. टेनिसमध्ये सर्व्हिस डोक्यावर गेली आणि तिचं रूपच पालटलं. दुसऱ्या सर्व्हिसचा सगळा पेच तिथून सुरू होतो.

तमिळनाडूने टेनिसला दिलेलं सर्वांत मोठं घराणं मात्र याच हलक्या सर्व्हिसचं. म्हणूनच माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत अवघड आक्षेप तिथूनच येतो. तेनकाशीचे रामनाथन कृष्णन १९५४ साली विम्बल्डनचं ज्युनियर विजेतेपद जिंकणारे पहिले आशियाई. १९६० आणि १९६१ या लागोपाठच्या वर्षी ते विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोचले. एकदा नील फ्रेझरकडून हरले, एकदा रॉड लेव्हरकडून, आणि दोघेही त्या त्या वर्षी विजेते झाले. १९६१ ला वाटेत त्यांनी रॉय एमर्सनला हरवलं होतं, तेही गवतावर, जिथे दणकट सर्व्हिस आणि व्हॉलीचंच राज्य होतं. त्यांची सर्व्हिस कोणाला घाबरवणारी नव्हती. मुलगा रमेश कृष्णन त्याच वळणाचा. १९७९ मध्ये त्याने विम्बल्डन आणि फ्रेंच ही दोन्ही ज्युनियर विजेतेपदं मिळवली, अमेरिकन ओपनची उपांत्यपूर्व फेरी दोनदा गाठली, १९८६ मध्ये विम्बल्डनचीही. १९८७ च्या डेव्हिस कपच्या उपांत्य लढतीत सिडनीच्या गवतावर त्याने दोन्ही एकेरी सामने जिंकले आणि भारताला अंतिम फेरीत नेलं. १९८९ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये त्याने मॅट्स विलँडरला दुसऱ्याच फेरीत घरी पाठवलं, तेव्हा विलँडर गतविजेता होता आणि जगात पहिल्या क्रमांकावर होता. हे सगळं मऊ दुसऱ्या सर्व्हिसवर. मग धीट सर्व्हिसचा आग्रह कशासाठी?

या आक्षेपाला मी हलक्यात घेत नाही, कारण कृष्णन पितापुत्रांचा खेळ हा टेनिसमधल्या सर्वांत देखण्या खेळांपैकी एक आहे असं मला मनापासून वाटतं. त्यांच्यासाठी मऊ सर्व्हिस बहुधा योग्यच होती. ज्याच्या खांद्यात वाढीव वेग नाही त्याने जोर लावला तर आत पडण्याचं प्रमाण झपाट्याने कोसळतं आणि जिंकण्याचं प्रमाण मात्र फारसं वाढत नाही. आणि ज्याचा दुसरा-तिसरा फटका इतका नेमका आहे त्याला बरोबरीने सुरू झालेला गुणही फायद्याचाच असतो. हिशोब त्यांच्या बाजूचा होता. शिवाय काळही त्यांच्या बाजूचा होता. लाकडी रॅकेटच्या लहान डोक्याने, आतड्याच्या (गट) तारांनी, छातीच्या उंचीवरच्या मऊ सर्व्हिसला चिरडून टाकणं कठीण होतं. जोर लावला तर चेंडू बाहेर जायचा. मग रॅकेट हलक्या आणि मोठ्या डोक्याच्या झाल्या, आणि १९९७ मध्ये गुस्ताव्हो कुएर्टेनने फ्रेंच ओपन जिंकलं तेव्हापासून पॉलिस्टरच्या तारा सगळीकडे पसरल्या. आता रिटर्न करणारा पूर्ण ताकदीने फटका मारतो आणि फिरकी चेंडूला कोर्टात उतरवते. मऊ दुसऱ्या सर्व्हिसची किंमत त्यामुळे कितीतरी वाढली. त्याच तारांनी सर्व्हिस करणाऱ्यालाही फिरकी दिली आहे, पण ती वापरायला हात मोकळा सोडावा लागतो. रमेश कृष्णनचा स्पर्श आज जन्मला तर तो तितकाच मोलाचा ठरेल. फक्त तो दाखवायची संधी मिळण्यासाठी दुसरी सर्व्हिस खांद्याच्या उंचीवर उसळावी लागेल.

धीट सर्व्हिसवर सर्वांत जास्त किंमत मोजलेली खेळाडू म्हणून मला अरीना सबालेंका आठवते. २०२२ साली तिचे डबल फॉल्ट चारशेच्या पुढे गेले. वर्षाच्या सुरुवातीला अ‍ॅडलेडमध्ये तर एका सामन्यात एकवीस झाले आणि तिला खालून सर्व्हिस करावी लागली. तिला सावध सर्व्हिसकडे वळण्याचा सल्ला देणारे पुष्कळ असणार. तिने सर्व्हिसची हालचालच मुळापासून दुरुस्त केली, शरीराच्या हालचालींचा अभ्यास असलेल्या तज्ज्ञाबरोबर बसून. जोर कमी केला नाही. २०२३ च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात एलेना रिबाकिनाविरुद्ध तिच्या हाती पहिला मॅच पॉइंट आला आणि त्यावर तिने डबल फॉल्ट केला. तरीही पुढच्या सर्व्हिसला तिने हात आवरला नाही, आणि चौथ्या मॅच पॉइंटवर तिचं पहिलं ग्रँड स्लॅम एकेरी विजेतेपद आलं. एका खेळाडूवरून नियम बांधता येत नाही, हे खरं. पण डबल फॉल्टवर औषध मऊपणाचं असतं की तंत्राचं, या प्रश्नावर तिची दोन वर्षं स्पष्ट बोलतात.

एक मर्यादा मात्र मला मनापासून मान्य आहे, आणि ती मुलांची आहे. किक सर्व्हसाठी टॉस डोक्याच्या मागे जातो, पाठ कमानीसारखी वाकते आणि खांदा टोकापर्यंत ताणला जातो. बारा-तेरा वर्षांच्या मुलाने रोज टोपलीभर चेंडू असे मारले तर कंबर आणि खांदा दोन्ही दुखावण्याची शक्यता असते. त्या वयात फिरकी हळूहळू वाढवावी, चेंडूंची संख्या मोजून ठेवावी, आणि आत पडण्याचं प्रमाण थोडं जास्तच राहू द्यावं. इतकी सवलत शरीरासाठी आहे. भीतीसाठी ती देऊ नये. पालक गॅलरीत बसून डबल फॉल्ट मोजतात, कारण तो डोळ्यांना दिसतो. मुलाच्या मऊ सर्व्हिसवर समोरच्याने मारलेला सणसणीत फोरहँड मात्र ‘समोरचा फार छान खेळला’ या खात्यात जमा होतो. गुण दोन्हीकडे एकच जातो, पण रागावणं फक्त पहिल्यावर होतं, आणि मूल काय टाळायचं ते त्यावरूनच शिकतं.

म्हणून सरावाची पद्धत बदलायला हवी असं मला वाटतं. बहुतेक ठिकाणी टोपलीतले बहुतांश चेंडू पहिल्या सर्व्हिसवर खर्च होतात आणि दम संपत आला की शेवटचे दहा-वीस दुसरीच्या वाट्याला येतात. ते उलटं करावं. आठवड्यातून एक-दोन सेट एकाच सर्व्हिसवर खेळावेत, चुकली की गुण गेला. काही दिवसांत खेळाडू आपोआप ती मधली सर्व्हिस शोधतो, जी ढकललेली नाही आणि उधळलेलीही नाही. बॉक्सच्या शेवटच्या रेषेपासून दीड मीटर आत खडूची एक रेघ मारावी आणि त्या रेघेच्या पलीकडे पडलेले चेंडू वेगळे मोजावेत. बालेवाडीत, चेन्नईत, तालुक्याच्या एखाद्या सिमेंटच्या कोर्टवर, कुठेही हे फुकट होतं. सामन्याच्या वहीत डबल फॉल्टचा रकाना असतोच. त्याच्या शेजारी दुसरा रकाना काढावा आणि त्यात लिहावं की दुसरी सर्व्हिस आत पडल्यावर समोरच्याने पहिल्याच फटक्यात किती वेळा गुण घेतला. महिनाभराने दोन्ही रकाने शेजारी ठेवून खेळाडू आणि प्रशिक्षक यांनी एकत्र बसावं, आणि पुढच्या महिन्यात फिरकी किती वाढवायची ते त्या आकड्यांवरून ठरवावं.